बळीचं राज्य आणि फुल्यांचं घर: आदर्श समाज व परस्पर समज यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या पाडव्याला आई ओवाळताना पुटपुटते, "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो." लहानपणापासून ऐकत आलो, पण हे नेमकं काय मागणं आहे हे चाळिशीपर्यंत विचारलं नव्हतं. मग काही मित्रमैत्रिणी दर रविवारी जमून जोतीराव फुले वाचू लागलो आणि त्या ओळीपाशी पुन्हा पुन्हा येऊन थांबलो. गटात नवीन माणूस आला की साधारण तेच प्रश्न निघतात. त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवतो आहे. उत्तरं माझी आहेत, गटातल्या सगळ्यांना ती मान्य आहेतच असं नाही.

युटोपिया म्हणजे काय? मराठीत त्याला काय म्हणावं?

थॉमस मोर या इंग्रज कायदेपंडिताने १५१६ साली लॅटिनमध्ये एका बेटाचं वर्णन केलं आणि त्या बेटाला हे नाव दिलं. ग्रीक शब्दांवरून त्याचा अर्थ होतो 'कुठेच नसलेली जागा', पण उच्चारात 'चांगली जागा' असाही भास होतो. मोरने हा दुहेरी अर्थ मुद्दाम ठेवला होता.

मराठीत 'कल्पनाराज्य' किंवा 'आदर्शलोक' म्हणतात. मला हे शब्द फारसे पटत नाहीत. 'कल्पना' म्हटलं की गोष्ट आधीच मोडीत निघते. आपल्याकडे याहून जुने आणि जिवंत शब्द आहेत. मोरच्या काळाच्या आसपासच काशीत संत रविदासांनी 'बेगमपुरा' गायला, म्हणजे दुःख नसलेलं शहर. तिथे कर नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दर्जाचं कुणी नाही, आणि मनाला येईल तिथे फिरायची मोकळीक आहे. चामड्याचं काम करणाऱ्या माणसाने काशीसारख्या शहरात बसून 'कुठेही फिरता येईल' असं म्हणणं किती नेमकं मागणं आहे, हे पाहा. आणि पदाचा शेवट असा की, जो माझ्या या शहराचा रहिवासी तो माझा मित्र. हे पद गुरू ग्रंथ साहिबात आहे.

बळीचं राज्य ही तर सणावारी म्हणायची ओळ. त्यात तत्त्वज्ञान कुठून आलं?

पुराणातली गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. बटू वामन येतो, तीन पावलं जमीन मागतो, दोन पावलांत सगळं व्यापतो आणि तिसरं बळीच्या डोक्यावर ठेवून त्याला पाताळात घालतो. पुराणात विजय वामनाचा. पण घराघरांतल्या बायका ओवाळताना वामनाचं नाव घेत नाहीत, हरलेल्याचं राज्य परत मागतात. शेतकऱ्याला आपण आजही बळीराजा म्हणतो. केरळात ओणमला महाबळी दरवर्षी आपल्या प्रजेला भेटायला येतो, असं मानतात. तिथेही लोकांची आठवण हरलेल्याच्याच बाजूने राहिली आहे.

जोतीरावांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त ही गोष्ट उलटी वाचली. त्यांच्या मते बळी हा इथला न्यायी राजा, आणि खंडोबा, म्हसोबा हे त्याचे अधिकारी. म्हसोबा म्हणजे 'महासुभा', अशी व्युत्पत्तीही त्यांनी दिली. भाषेचे अभ्यासक या व्युत्पत्त्या मान्य करत नाहीत आणि मीही त्यांचा आग्रह धरत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. ज्या देवांपुढे कुणबी-माळी नारळ फोडत होते, ते देव मुळात न्याय देणारे कारभारी होते, असं सांगून फुल्यांनी भक्तीच्या जागी नागरिकत्वाची आठवण ठेवली.

आणखी एक. त्या गोष्टीत फसवणूक होते ती बोलण्यात. बळीला 'तीन पावलं' म्हणजे बटूची तीन पावलं असं समजलं, मागणाऱ्याच्या मनात दुसरंच होतं. राज्य गेलं ते लढाईत नाही, शब्दाच्या अर्थात. म्हणून बळीचं राज्य परत आणायचं तर बोलणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्याचा अर्थ एक होईल अशी व्यवस्था लागेल, असं मी त्या कथेतून घेतो.

'फुल्यांचं घर' हे काय प्रकरण आहे?

माझ्या दृष्टीने सगळ्याचं मूळ इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१८८८ साली जोतीरावांना पक्षाघात झाला. उजवी बाजू लुळी पडली. त्यांनी डाव्या हाताने लिहायला घेतलं आणि 'सार्वजनिक सत्य धर्म' हे पुस्तक पुरं केलं. १८९० च्या नोव्हेंबरात ते गेले, पुस्तक १८९१ साली छापून आलं. त्यात एका कुटुंबाचं चित्र आहे. घरातली बाई बौद्ध धर्माचं पुस्तक वाचते आणि वाटलं तर तो धर्म घेते. तिचा नवरा जुना आणि नवा करार वाचून ख्रिस्ती होतो. मुलगी कुराण वाचून मुसलमान होते. मुलगा सार्वजनिक सत्यधर्म वाचून सत्यधर्मी होतो. आणि हे चौघे एकाच घरात प्रपंच करतात, कुणी कुणाच्या धर्माचा द्वेष करत नाही, एकमेकांशी 'प्रेमाने व गोडीगुलाबीने' वागतात.

जगातली बहुतेक आदर्श राज्यं बेटावर, डोंगरापलीकडे किंवा भविष्यात असतात. त्यांना तटबंदी असते, वेळापत्रक असतं, सगळ्यांचे कपडे एकसारखे असतात. फुल्यांनी चार माणसांचं एक घर घेतलं, कुठल्याही गावात असू शकेल असं. त्या घरात एकमत नाही. उलट माणसाच्या सर्वांत खोल गोष्टीवर, श्रद्धेवर, चौघांची चार मतं आहेत. आदर्श म्हणजे मतभेद संपणं ही समजूत इथे कोसळते.

मग तीन बारकावे दिसतात. पहिला, सुरुवात बाईपासून आहे. दुसरा, प्रत्येक जण आधी वाचतो. नवऱ्याचा धर्म बायकोला लागत नाही, बापाचा मुलीला लागत नाही. ज्या माणसाने १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, त्याच्या स्वप्नात शाळा अशी आत शिरली आहे: मुलीला वाचता येत नसेल तर या घराची पहिली वीटही बसत नाही. तिसरा, निवड त्या त्या माणसाच्या मर्जीची आहे. कुणी कुणाला आपल्या धर्मात ओढत नाही आणि कुणी कुणाला घराबाहेर काढत नाही.

आणि हे लिहिणाऱ्याला घराबाहेर काढलेलं होतं. शूद्रातिशूद्रांना शिकवतात म्हणून जोतीराव आणि सावित्रीबाईंना वडिलांचं घर सोडावं लागलं होतं. पुढे त्यांनी विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह चालवलं, आणि एका ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेतला. तोच यशवंत. त्यानेच ते पुस्तक छापून आणलं. म्हणजे कागदावरचं घर लिहिण्याआधी त्यांनी हाडामांसाचं घर तसं करून पाहिलं होतं.

त्या घरात हिंदू कुणीच का नाही?

हा प्रश्न दर वेळी निघतो, आणि तो रागाने निघाला तरी चालेल. फुल्यांनी ब्राह्मणी धर्मावर आयुष्यभर टीका केली, त्यामुळे ते मुद्दाम वगळलं असणार यात शंका नाही. पण मला कारण त्या परिच्छेदाच्या बांधणीतही दिसतं. सगळा डोलारा 'स्वतः वाचून निवडणं' यावर उभा आहे. ज्या ग्रंथांना शूद्राने आणि बाईने हात लावायचा नाही, त्यांचा प्रवेश या घरात होणार कसा? आज ते ग्रंथ कुणीही विकत घेऊन वाचू शकतं. त्यामुळे वाचून, स्वतःच्या मर्जीने हिंदू असलेला पाचवा माणूस त्या घरात राहू शकतो, असं मी मानतो. गटातले दोघे जण हे मानत नाहीत.

आदर्श समाजाच्या चर्चेत 'समज' या गोष्टीवर एवढा भर कशाला? न्याय, पोटाला अन्न, हे आधी नको का?

आधी हवंच. पण मराठीत 'समज' या शब्दाचं काय काय होतं ते पाहिलं, की समज आणि न्याय वेगळे काढता येत नाहीत हे कळतं.

पोलीस 'समज देऊन सोडून देतात'. इथे समज म्हणजे ताकीद. रुसलेल्या सुनेची 'समजूत काढतात', म्हणजे तिचं म्हणणं तसंच ठेवून तिला गप्प करतात. 'समजूतदार' मुलगी कोण? जी भावाच्या शिक्षणासाठी आपलं शिक्षण सोडते. 'त्याला समजावून सांग' म्हणताना सांगणारा वर असतो आणि ऐकणारा खाली. समजूतदारपणा नेहमी कमी ताकदीच्या माणसाकडून मागितला जातो. भांडण मिटवायला बसलेली चार मोठी माणसं ज्याच्याकडे वळून म्हणतात, "तू तरी समजून घे," तो हटकून धाकटा, गरीब किंवा बाई असते.

आणि मग एक शब्द उरतो: 'समजून घेणं'. यात काम घेणाऱ्याला करावं लागतं, वाकावं त्याने लागतं. फुल्यांच्या घरातली समज ही या जातीची आहे. बापाने कुराण समजून घ्यायचं आहे, कारण लेकीने ते निवडलंय.

म्हणून माझं म्हणणं असं: समाज किती चांगला आहे हे तिथे किती एकोपा आहे यावरून ओळखू नका, समजून घेण्याचं ओझं कुणाच्या डोक्यावर आहे यावरून ओळखा.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञांनी यावर काही म्हटलं आहे का?

पुष्कळ. थोडक्यात दोन नावं. हान्स-गेओर्ग गाडामर या जर्मन तत्त्वज्ञाचा मोठा ग्रंथ १९६० साली आला. त्याचं म्हणणं, आपण कोऱ्या मनाने काहीच समजून घेत नाही, पूर्वग्रह घेऊनच जातो. समज म्हणजे आपलं क्षितिज आणि समोरच्याचं क्षितिज एकमेकांत मिसळणं. युर्गेन हाबरमासने त्यावर हरकत घेतली, की परंपरेच्या पोटात सत्ताही लपलेली असते, आणि दबाव असेल तिथे झालेली 'समज' खोटी असू शकते. वर समजूत काढण्याचं उदाहरण वाचलंत, तर हा वाद तुम्हाला आधीच कळला आहे.

फुले तर फार कडक लिहायचे. मग गोडीगुलाबीची भाषा त्यांच्या तोंडी शोभते का?

शोभते, कारण दोन्ही एकाच माणसाच्या मागण्या आहेत. त्यांचा राग कुणावर निघतो ते पाहावं. १८८२ साली ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून पुरुषांना खडे बोल सुनावले, तेव्हा जोतीरावांच्याच सत्यशोधक चळवळीतलेही काही पुरुष बिथरले. जोतीरावांनी ताराबाईंची बाजू घेतली. पंडिता रमाबाई ख्रिस्ती झाल्या आणि पुण्यात गदारोळ उठला, तेव्हाही ते त्यांच्या बाजूने उभे राहिले. आपला सहकारी असो की दूरचा, दुसऱ्याला स्वतःचं डोकं वापरू देत नाही म्हटल्यावर त्यांची भाषा तापायची. तोंड दाबलेल्या माणसाशी गोडीगुलाबी करता येत नाही, आधी हात काढावा लागतो.

शिवाय त्यांची लिहिण्याची पद्धत बघा. 'गुलामगिरी' हा संवाद आहे, धोंडीबा विचारतो आणि जोतीराव उत्तर देतात. शेवटच्या पुस्तकातही माणसं नावानिशी येऊन प्रश्न विचारतात. आपलं तत्त्वज्ञान त्यांनी प्रश्नोत्तरांत मांडलं. हे पान मी याच रूपात लिहिलं, ते त्यामुळेच.

आदर्शाच्या नादात माणसं जुलूम करतात, हे खरं नाही का?

खरं आहे. कार्ल पॉपर या तत्त्वज्ञाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात न्यूझीलंडमध्ये बसून हाच इशारा लिहिला, पुस्तक १९४५ साली आलं. संपूर्ण समाजाचा नकाशा आधी काढला, की नकाशात न बसणारी माणसं अडचण वाटू लागतात. त्यापेक्षा समोरचं एक दुःख घ्या, ते कमी करा, चुकलं तर मागे फिरा.

आपल्याकडचंही उदाहरण घेऊ, आणि ते ज्या चळवळीबद्दल मला अतिशय आदर आहे तिच्यातलं. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली सातारा भागात १९४३ ते १९४६ या काळात प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांच्या सरकारला समांतर असं लोकांचं सरकार, चाललं. गावोगावी न्यायदान मंडळं होती, कमी खर्चातली गांधी लग्नं लागत होती, सावकारांना आणि गुंडांना धाक बसला होता. नाना पाटलांची जडणघडण सत्यशोधकी. बळीच्या राज्याच्या इतकं जवळ या मातीत क्वचितच काही गेलं असेल. पण गुन्हेगारांच्या तळपायांवर फटके मारण्याची शिक्षाही तिथे होती, आणि लोकांच्या तोंडी नाव राहिलं ते 'पत्री सरकार', म्हणजे पायाला पत्र्या ठोकणारं सरकार. न्यायाच्या आठवणीत फटक्यांचीही आठवण मिसळलेली आहे. त्या काळात दुसरं काय करता आलं असतं, हे घरी बसून मी सांगू शकत नाही. पण दोन्ही आठवणी सांगायला हव्यात.

फुल्यांना मात्र पॉपरचा आक्षेप लागत नाही, असं मला वाटतं. त्यांनी शहराचा नकाशा काढलाच नाही. एक शाळा काढली, एक प्रसूतिगृह चालवलं, १८६८ साली घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. स्वप्न मोठं होतं, आणि ते कायम हाताच्या अंतरावरच्या कामात उतरलेलं होतं.

आंबेडकर या विचारात कुठे बसतात?

बाबासाहेब फुल्यांना गुरू मानत. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी त्यांनी भाषण लिहिलं. मंडळाला ते झेपलं नाही, भाषण रद्द झालं, आणि बाबासाहेबांनी ते स्वतः छापलं. त्यात आदर्श समाज म्हणजे स्वातंत्र्य, समता, बंधुता हे आहेच. पण बंधुता समजावताना ते म्हणतात, समाजाच्या एका भागात झालेला बदल दुसऱ्या भागात पोचवणाऱ्या वाटा हव्यात. त्यासाठी त्यांनी शब्द वापरला तो अंतःपरासरणाचा, म्हणजे पातळ पडद्यातून पाणी आत झिरपण्याचा.

शाळेत मनुका पाण्यात टाकून फुगताना पाहिल्या असतील. कातडी तशीच राहते, पण तिच्यातून पाणी आत जातं. जातींची कातडी मात्र अशी की आतलं बाहेर नाही आणि बाहेरचं आत नाही. एकमेकांच्या दुःखाची बातमीच पोचत नाही, मग समज येणार कुठून? कोलंबिया विद्यापीठात त्यांना जॉन ड्यूई शिकवायला होते, आणि त्या विचाराची खूण इथे दिसते. जातीच्या कातडीची ओळख मात्र त्यांची स्वतःची होती.

वारी हा आदर्श समाजच नाही का?

वीस दिवस चालताना एकमेकांच्या पाया पडणारी माणसं पाहिली की तसं वाटतं, आणि ते वाटणं खोटं नाही. पण इरावती कर्वे वारीत चालल्या तेव्हा त्यांनी नोंदवलं, की एकाच दिंडीत चालणारे ब्राह्मण आणि मराठे जेवायला वेगळे बसत. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे. पंढरपूरचं मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. वारी आदर्श दाखवते आणि तो कुठे अडला तेही दाखवते.

आज असं काही कुठे चालतं का, की सगळं पुस्तकातच?

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे लहानसं गोंड गाव आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. २००९ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. २०११ साली आपला बांबू आपण विकण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. हे बहुतेकांना माहीत असतं.

मला त्या गावातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. तिथे दोन वेगळ्या बैठका असतात. एक ग्रामसभा, ती निर्णय घेते. दुसरा अभ्यास गट, तो कधीच निर्णय घेत नाही. अभ्यास गटात कुणीही यावं, बाहेरचाही चालतो, विषय उलगडावा, शंका काढाव्यात आणि उठावं. निर्णय घ्यायचा नाही म्हटल्यावर हरायची भीती जाते, आणि माणूस 'मला हे कळलं नाही' असं मोकळेपणाने म्हणू शकतो. आपल्या सोसायटीच्या सभा आठवून पाहा. तिथे समजून घेणं आणि मत देणं एकाच वेळी चालतं, म्हणून दोन्ही धड होत नाहीत.

ग्रामसभेत निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचा जरी विरोध असेल तर विषय थांबतो आणि पुन्हा चर्चा होते. म्हणजे समजून घेण्याचं ओझं नव्व्याण्णव जणांवर येतं, एकट्यावर नाही. फुल्यांच्या घराशी याचं नातं मला इथे लागतं.

अडचणी आहेत. हे फार संथ आहे. गाव लहान आहे, लोक एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात. दांडगा माणूस नकाराधिकार वापरून सगळं अडवू शकतो. मोठ्या शहरात हे जसंच्या तसं उचलून आणता येणार नाही. पण अभ्यास आणि निर्णय वेगळे ठेवणं कुठेही करता येतं, आमच्या गटात आम्ही तेच करतो.

घरातच राजकारणावरून बोलणं बंद झालं आहे. यातलं काही उपयोगी पडेल का?

आमच्याकडे एक साधी रीत आहे. उत्तर द्यायच्या आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं, आणि तो "हो, हेच म्हणायचं होतं मला" असं म्हणेपर्यंत सांगत राहायचं. पहिल्या वेळी मला तिसऱ्या खेपेला जमलं, आणि तोवर माझ्या उत्तरातला अर्धा जोर गेला होता, कारण मी ज्याला विरोध करत होतो ते तो म्हणतच नव्हता. हे सगळ्या भांडणांना चालत नाही. एक जण दुसऱ्याचं माणूसपणच नाकारत असेल, तिथे ही रीत काढू नका.

गेल्या पावसाळ्यात बैठक आमच्या घरी होती. चार धर्मांच्या घराचा तो परिच्छेद मोठ्याने वाचला. आई आतून चहा घेऊन आली होती, दारातच थांबून ऐकत होती. वाचून झाल्यावर तिने विचारलं, "आणि त्या घरात स्वयंपाक कोण करतं?"

परिच्छेद पुन्हा पाहिला. त्यात उत्तर नाही. एकाने कप गोळा केले, आणि त्या रविवारी पुढचं पान उलटलं नाही.